हरणीचा पान्हा

सासूचं लुगडं नेसून केशरबाई म्हशीखाली बसली तेव्हा तिला हसूही येत होतं आणि रडूही. साठीला आलेली बाई, नातवंडांची आजी, आणि सोंग कुणाचं घेतलं तर सासूचं! पण करते काय? आदल्या सकाळनंतर हरणीनं धार दिली नव्हती. कास टम्म फुगलेली, हात लावावा तर तापलेली. आणखी एक दिवस असाच गेला की कासेला दगडी रोग होणार, सड नासणार, मग असल्या म्हशीला दारात कोण ठेवतो? बद्रीनाथनं, म्हणजे केशरबाईच्या नवऱ्यानं, सांगूनच टाकलं होतं की उद्या सकाळपर्यंत बघायचं, नाहीतर बंकट दलालाच्या टेम्पोत घालून नेकनूरच्या बाजाराला लावून द्यायची. गोठ्यात दुसरी होती ती म्हातारी म्हैस, आटलेली. म्हणजे हरणी गेली की गोठा मिटला. सासूनं जन्मभर राखलेला गोठा, आणि तो बंद पडणार सून राखणीला असताना.

सासू बायनाबाई तिकडं बीडच्या दवाखान्यात पडून होती. ऐंशी पार केलेली म्हातारी, आदल्या सकाळी शेणावरून पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. पडली तीही धार काढून उठताना. पण हातातली चरवी तिनं कलंडू दिली नव्हती, हे गावात जो तो एकमेकाला सांगत होता. खरं-खोटं देव जाणे. पण बायनाबाईबद्दल असं काही सांगितलं तर लिंबारवाडीत कुणी शंका काढत नाही.

बाई होतीच तशी. नवरा विहीर खणताना दरडीखाली गेला तेव्हा बद्रीनाथ अंगावर पीत होता. माहेरचा भाऊ न्यायला आला, म्हणाला, चल, तुझ्या वाटणीची भाकर आमच्यात आहे. बायनाबाई म्हणाली, भाकर नको, म्हैस दे. भाऊ बिचारा म्हैस घेऊन परत आला. त्या माहेरच्या म्हशीची लेक, तिची लेक, तिची लेक, असं करत ही हरणी. मधल्या काळात गोठ्यात दहा-दहा जनावरं झाली, बहात्तर सालात चाऱ्यावाचून निम्मी गेली, पुन्हा झाली. डोक्यावर चरवी घेऊन बाई नेकनूरपर्यंत चालत जायची, तिथल्या हॉटेलांना दूध घालायची आणि उन्हं चढायच्या आत परत येऊन खुरपं हातात घ्यायची. पुढं एसटी आली, मग दूधवाल्याची गाडी दारात यायला लागली. पण दूध तेच राहिलं. बायनाबाईच्या दुधात पाणी शोधायचं म्हणजे बैलाची धार काढायची, असं लोक म्हणायचे.

त्या दुधावर बद्रीनाथ शिकला, बायनाबाईच्या दोन पुतण्या, त्याला बहिणीसारख्याच, ह्याच घरातून नांदायला गेल्या. पण बायनाबाईचं नाव झालं ते ह्यानं नव्हे. गावात कुणीही बाळंत झाली, मग ती वरच्या आळीतली असो की वस्तीवरची, तिच्या घरी सव्वा महिना बायनाबाईच्या गोठ्यातलं दूध जाणार म्हणजे जाणार. विकत नव्हे, तसंच. बाळंतीण प्याली की लेकरू प्यालं, एवढा साधा हिशेब. बद्रीनाथ सरपंचकीला उभा राहून पडला त्या साली, ज्यानं पाडलं त्याचीच सून बाळंत झाली. बद्रीनाथ आईला म्हणाला की तेवढ्या घरी दूध जायचं नाही. बाई चरवी उचलत म्हणाली, "तुझं मत तुझ्या पेटीत, माझं दूध माझ्या चरवीत." आणि गेली. पुढच्या खेपेला बद्रीनाथ निवडून आला तो कुणाच्या पुण्याईनं, हे त्याला सोडून सगळ्या गावाला माहीत आहे.

आता म्हणाल, इतकी गुणाची सासू, मग सुनेनं म्हशीखाली बसायला सोंग का घ्यावं? त्याचं कारण असं, की बायनाबाईनं चाळीस वर्षांत सुनेला सडाला हात लावू दिला नाही. शेण काढ, कडबा टाक, पेंड भिजव, म्हशी धू. धार मात्र मी काढीन. आणि धार काढताना म्हातारी खालच्या आवाजात सारखी काहीतरी पुटपुटायची. काय ते कुणाला नीट ऐकू जायचं नाही. पण केशरबाई नवी नवरी होती तेव्हा एकदा कडब्याची पेंढी घेऊन मागून आली आणि तिच्या कानावर आपलंच नाव पडलं, "केशरच्या भाकरी..." असं काहीतरी. झालं! तेव्हापासून तिनं मनाशी पक्कं धरलं की आत्याबाई, म्हणजे सासूबाई, म्हशीपाशी आपल्या चुगल्या करतात. तोंडावर कधी वाकडं बोलत नाहीत, ते सगळं इथं ओततात. म्हणून धारेची वेळ झाली की ती मुद्दाम चुलीपाशी जाऊन भांडी आपटायची, म्हणजे ऐकू यायला नको. चाळीस वर्षं भांडी आपटली बाईनं.

त्यात हरणीची गत निराळी. तिचं पहिलंवहिलं रेडकू आठवड्याच्या आत गेलं. रेडकू गेलेली म्हैस सहजी पान्हा सोडत नाही. बंकट दलाल तेव्हाही आला होता, म्हणाला, रेडकाच्या कातड्यात भुसा भरून पुढ्यात उभं करा, चाटत बसेल आणि दूध देईल. बायनाबाईनं त्याला तिथल्या तिथं उभा जाळला. "मेल्या लेकराचं सोंग दावून आईचं दूध घेऊ व्हय रे?" म्हणाली. मग ती स्वतः हरणीपाशी बसून राहिली. मानेवरून हात फिरवायची, पुटपुटायची, पुन्हा हात फिरवायची. अशी कितीतरी वेळ बसली तेव्हा हरणीनं पान्हा सोडला, आणि तेव्हापासून फक्त तिलाच सोडत आली. म्हैस एका हाताची झाली म्हणतात ती अशी.

तर लुगड्याची युक्ती बद्रीनाथनं सुचवली होती. खेड्यात ही युक्ती जुनीच. घरधनीण माहेरी गेली की भलेभले मिशीवाले गडी बायकोचं लुगडं गुंडाळून म्हशीखाली बसतात. केशरबाईनं दांडीवरचं सासूचं न धुतलेलं हिरवं लुगडं नेसलं, पदर डोक्यावरून घेतला, पेंडीची पाटी पुढं ठेवली आणि बसली. हरणीनं मान वळवून लुगडं हुंगलं. एक लांब श्वास सोडला. सडात दूध उतरल्यासारखं वाटलं, चरवीत दोन धारा वाजल्यासुद्धा. केशरबाईच्या जिवात जीव आला. आणि तेवढ्यात हरणीनं पुन्हा मान वळवून तिचं तोंड बघितलं, अन् अशी लाथ झाडली की चरवी भिंतीला जाऊन आपटली. दुभत्या जनावराच्या लाथा गोड म्हणणाऱ्यानं ही लाथ एकदा खाऊन बघावी.

लुगड्याला शेण लागलेलं, गुडघा खरचटलेला, केशरबाई तशीच भिंतीला टेकून बसली. अंगणात बंकट येऊन ठेपलाच होता. त्यानं खिशातून लहानशी बाटली काढली आणि बद्रीनाथला हलक्या आवाजात सांगितलं की एक सुई टोचा, पाच मिनिटात दूध उतरतं, सगळीकडं हेच चालतं. बद्रीनाथचा हात पुढं झाला होता. अडला हरी म्हणतात ना, तसली त्याची अवस्था. म्हशीच्या कासेकडं त्याला बघवत नव्हतं. पण केशरबाई उठून मधे आली. जन्मात नवऱ्यापुढं तिनं आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही. नुसतं म्हणाली की आत्याबाईच्या गोठ्यात सुई शिरली तर मी ह्या घरात राहायची नाही. बद्रीनाथनं हात मागं घेतला. बंकट म्हणाला, मग सकाळी टेम्पो आणतो.

दुपार अशीच गेली. केशरबाईला सगळ्यात जास्त खात होती ती उज्ज्वला. वस्तीवरची पोर, पहिलं बाळंतपण, लेकरू किडकिडीत. नवरा ऊसतोडीच्या टोळीत गेलेला, घरात एक आंधळी सासू. कालपासून तिच्याकडं दूध गेलं नव्हतं. बद्रीनाथनं नेकनूरहून पिशवीचं दूध आणून पाठवलं होतं, आणि पोरीनं ते घेतलंही. पण घेताना तिनं विचारलं, हरणीला काय झालं? निरोप आणणाऱ्यानं तो प्रश्न तसाच येऊन सांगितला, आणि केशरबाईला वाटलं की हे सगळं गाव आपल्याला विचारतंय.

शेवटी तिनं फोन लावला. दवाखान्यात आजीपाशी वैष्णवी होती, केशरबाईची उशिरा झालेली धाकटी लेक, बीडलाच नर्सिंग शिकणारी. घरात ठरलं होतं की आजीला म्हशीचं काही कळू द्यायचं नाही. विचारलं तर सगळं झकास म्हणायचं. केशरबाईनं ते ठरलेलं मोडलं. ती बोलायला लागली आणि तिला हुंदकाच आवरेना. वैष्णवीनं फोन आजीच्या कानाला लावला. बायनाबाईनं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही, काही नाही. एवढंच म्हणाली की फोन हरणीच्या कानापाशी धर, अन् बद्र्याला म्हणावं तिथनं लांब हो, गड्यांसमोर मी बोलत न्हाई.

आता बघा मौज. बद्रीनाथ अंगणात गेला, पण धार काढायला माणूस नको का? म्हणून केशरबाईला तिथंच थांबावं लागलं. तिनं फोनचा आवाज मोठा केला, दावणीच्या खुंट्याला पदराच्या चिंधीनं तो बांधला आणि हरणीखाली जाऊन बसली. जे चाळीस वर्षं भांडी आपटून टाळलं, ते आता कान उघडे ठेवून ऐकायची पाळी आली. तिनं मान खाली घातली. आता काय काय निघतंय कोण जाणे, असं म्हणत ती सडाखाली हात धरून बसली.

"हरणे," फोनमधून म्हातारीचा आवाज आला. हरणीचे कान उभे राहिले. "हरणे, मी हाय गं. जेवलीस का? मला इथं पातळ वरण देतात, त्यात डाळ हुडकावी लागती. आपल्या केशरच्या भाकरी लई जाड असतात, पर गरम असतात बाई. पडल्यापडल्या त्याच आठवतात."

केशरबाईनं वर बघितलं. हरणी फोनकडं मान लांबवून उभी होती.

"तुला मी रोज सांगती का न्हाई? तिच्या हाताला चव न्हाई, पर तिच्या मनात काळं न्हाई. बद्र्या निवडणुकीत पडला तवा ती रडली न्हाई, मी जेवले न्हाई तवा रडली. मला लेक न्हाई म्हणून देवानं ती दिली. तोंडावर सांगितलं तर शेफारंल, म्हणून तुला सांगती." म्हातारी थांबली, धाप लागली असावी. मग पुन्हा आवाज आला, थोडा खाली. "आता ऐक. माझं हाड मोडलंय. मला काय आता तुझ्याखाली बसता यायचं न्हाई. तुझ्याखाली बसलीय ती परकी न्हाई. ती मीच हाय असं समज. हिला दे, माय. उज्ज्वलाचं लेकरू उपाशी हाय."

केशरबाईला पुढचं दिसेना झालं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. ती तशीच सड धरून बसली होती, पिळायचं भान नव्हतं. आणि तिच्या मुठीत सड भरून आला. ओढावं लागलं नाही. हरणीनं पाय फाकले, मान सैल सोडली आणि चरवीत धार अशी वाजायला लागली की अंगणातला बद्रीनाथ पळतच दारात आला. केशरबाईनं डोळे पुसले नाहीत. पुसायला हात कुठं मोकळा होता? तिकडं वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या कपिलधारकडच्या नीलाबाईपासून आयाबाईपर्यंत सगळ्याजणी डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या, असं वैष्णवीनं मग सांगितलं.

त्या दिवशी उज्ज्वलाचं दूध केशरबाई स्वतः घेऊन गेली. सकाळी टेम्पो आला तो तसाच परत गेला. बंकटला बद्रीनाथनं चहा पाजला, त्याच दुधाचा.

फोन पुन्हा लावावा लागला नाही. पहिले दोन-चार दिवस केशरबाईला हरणीपाशी काय बोलावं सुचायचं नाही. नुसतंच "हरणे, हरणे" करत बसायची. मग हळूहळू जीभ सुटली. आणि सुटली म्हणजे काय, सासूबद्दलच बोलायला लागली. आत्याबाईनं अमक्या दिवाळीला मला कसं बोललं, अन् तमक्या दुखण्यात रात्ररात्र माझं डोकं कसं मांडीवर घेतलं. चाळीस वर्षांचं साठलेलं, ते काय एका हिवाळ्यात सरतंय? हरणी रवंथ करत सगळं ऐकून घ्यायची. म्हशीसारखं ऐकणारं माणसांत कुणी सापडत नाही, हे केशरबाईला फार उशिरा कळलं.

बायनाबाई घरी आली ती जीपमधून, दोन्ही हातांनी वॉकर धरून. सगळी आळी गोळा झाली होती. घरात चला म्हटलं तर ऐकेना; आधी गोठ्यात. धारेचीच वेळ. केशरबाईनं चटकन उठून जागा दिली, प्लास्टिकची खुर्ची आणून म्हशीच्या कुशीला लावली. मनातून ती भ्याली होती, पण हक्क ज्याचा त्याला दिलाच पाहिजे. बायनाबाई बसली, मोडलेला पाय लांब सोडला, वाकून हात घातला. "हरणे," म्हणाली.

हरणीनं तिला हुंगलं. अंगाला दवाखान्याचा वास, औषधांचा वास. तिनं कास आखडून घेतली. बायनाबाईनं मानेवर थाप मारली, पुन्हा हाक मारली, पुन्हा सड ओढला. एक थेंब नाही. हरणी मान वळवून मागं बघत होती, केशरबाई उभी होती तिथं.

केशरबाईला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. म्हातारीचं एवढं एकच होतं, तेही आपण काढून घेतलं. ती रडायला लागली.

बायनाबाईनं तिच्याकडं बघितलं. म्हातारीचा चेहरा एकदा पडला होता, ते सगळ्यांनी बघितलं. खोटं कशाला सांगू? चरवीच्या कडेवर तिचा अंगठा नुसता फिरत राहिला. मग तिनं चरवी उचलून सुनेपुढं धरली.

"रडती कावून? मीच सांगितलंतं तिला, हिला दे म्हणून. माणसाला दहादा सांगावं लागतं. तिनं एकदात ऐकलं." आणि चरवी तिच्या हातात देऊन, "बस. लेकरू वाट बघत आसंल."

केशरबाई बसली. बायनाबाई खुर्चीवरून बघत होती आणि धार एकसारखी पडत नाही म्हणून टोकत होती. केशरबाईनं आयुष्यात पहिल्यांदा उलट उत्तर दिलं, म्हणाली, आत्याबाई, काढू द्या की निवांत. म्हातारीला हसू आवरेना.

एक रीत सांगायची राहिलीच. लिंबारवाडीत सव्वा महिना झाला की बाळंतीण लेकरू घेऊन पहिल्यांदा घराबाहेर पडते. आधी विहिरीवर, मग मारुतीला, आणि तिथून बायनाबाईकडं. ज्या हातानं दूध आलं त्या हाताच्या धनिणीच्या पायावर लेकरू घालायचं. आजची निम्मी लिंबारवाडी त्या पायांवर एकेकदा पडून रडलेली आहे. त्यात सरपंच आले, मास्तर आले, बद्रीनाथला पाडणाऱ्याचा नातू पण आला.

उज्ज्वला आली तेव्हा बायनाबाई ओसरीवर खाटेवर बसलेली होती. लेकरानं चांगलं अंग धरलं होतं. उज्ज्वलानं ते दुपट्यात गुंडाळून आणलं आणि बायनाबाईच्या पायापाशी वाकली. बायनाबाईला पाय चटकन उचलता येत नव्हते म्हणून तिनं गोधडी ओढून घेतली, दोन्ही पाय झाकले.

"इथं न्हाई, बाई," ती म्हणाली. "दूध मी काढलं का? ती बघ, तिकडं हाय."

केशरबाई गोठ्याच्या दारात उभी होती. पाय शेणानं भरलेले, हात दुधानं. तिला आधी कळलंच नाही. उज्ज्वला लेकरू घेऊन समोर येऊन वाकली तेव्हा कळलं, आणि ती मागं सरकली. शेणाचे पाय, मी कोण, आत्याबाई असताना माझ्या पायावर, असं काहीबाही तिच्या तोंडून निघायला लागलं. पाठ दाराच्या चौकटीला लागली, आता मागं जायला जागा नव्हती.

"केशर," खाटेवरून बायनाबाई म्हणाली, आणि तिचा आवाज धारेच्या वेळी म्हशीशी बोलायचा तसला, हलका निघाला. "पाय मागं घेऊ नको. मलाबी पहिल्या खेपेला असंच वाटलंतं."